रीमॅप केलेल्या ऑक्टाव्हिया व्हीआरएसचा डीएसजी स्लिप होत असेल, तर गिअरबॉक्स उतरवण्याआधी काय तपासावे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. गाडी स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएस, २०१७ च्या सुमारास भारतात आलेले २३० पीएसचे मॉडेल, सहा गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा स्वयंचलित गिअरबॉक्स. गाडीला मोठी डाउनपाइप (टर्बोनंतरची एक्झॉस्टची नळी) आणि इनटेक (हवा आत घेणारा मार्ग) बसवून स्टेज २ रीमॅप केलेला आहे, म्हणजे त्या भागांना साजेसे इंजिनाचे सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवली आहे. चौथ्या गिअरमध्ये तीन हजार आरपीएमच्या पुढे ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला, की काटा झपकन वर जातो, इंजिन ओरडते आणि गाडी मात्र त्या मानाने ओढत नाही. शहरात सावकाश चालवताना काहीच जाणवत नाही आणि स्कॅनरवर एकही दोष नोंदलेला नाही. एका गॅरेजने क्लच पॅक (क्लचच्या प्लेटांचा गठ्ठा) बदलायला सांगितले आहे, दुसऱ्याने मेकॅट्रॉनिक (गिअरबॉक्समधला झडपा, सेन्सर आणि संगणक यांचा संच), आणि यातले नेमके काय करावे हे आपल्याला हवे आहे.

माझे उत्तर असे आहे, की आज यातले काहीही करू नये. या दोन्ही निदानांना अजून मोजमापाचा आधार नाही. ट्यून केलेल्या गाडीत तर तिसरी एक शक्यता असते, जी गॅरेजमध्ये बहुतेक वेळा तपासलीच जात नाही: इंजिन प्रत्यक्षात किती टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, देत आहे हे गिअरबॉक्सला खरे कळत आहे का? ते कळत नसेल, तर आज बसवलेला नवा क्लचही काही महिन्यांत तसाच घसरू लागेल.

आधी गिअरबॉक्सविषयी थोडे. आपल्या गाडीत डीक्यू२५० या प्रकारचा डीएसजी आहे. यात साध्या ऑटोमॅटिकसारखा, तेलाच्या प्रवाहातून ताकद पोचवणारा टॉर्क कन्व्हर्टर नाही. तेलात चालणारे, अनेक प्लेटांचे दोन क्लच आहेत. के१ हा पहिला, तिसरा, पाचवा आणि रिव्हर्स गिअर चालवतो. के२ दुसरा, चौथा आणि सहावा. दोन्ही क्लच मेकॅट्रॉनिकने नियंत्रित केलेल्या तेलाच्या दाबाने आवळले जातात. या गिअरबॉक्सची घोषित क्षमता ३५० न्यूटन मीटर आहे, आणि आपल्या गाडीचे इंजिन कंपनीतून बाहेर पडतानाच ३५० न्यूटन मीटर देते. म्हणजे कागदावर तरी शिल्लक काहीच नव्हती. स्टेज २ नंतर हा आकडा साधारण ४३० ते ४५० च्या घरात जातो. कंपन्या अशा आकड्यांमागे काही सुरक्षित अंतर राखतात, म्हणून पुष्कळ गाड्या या टॉर्कवरही वर्षानुवर्षे नीट चालतात. पण ते अंतर क्लचची झीज, तेलाचे वय आणि उष्णता यांनी हळूहळू खाल्ले जाते.

ही मर्यादा किती खरी आहे, याचा पुरावा कंपनीनेच दिलेला आहे. भारतात २०१६ मध्ये आलेल्या सुपर्ब १.८ टीएसआयमध्ये इंजिन एकच, कमाल शक्तीही एकच, १८० पीएस. पण मॅन्युअल गाडीला ३२० न्यूटन मीटर आणि डीएसजी गाडीला २५० न्यूटन मीटर टॉर्क दिलेला होता. कारण त्या डीएसजीत कोरड्या क्लचचा सात गिअरचा डीक्यू२०० होता आणि त्याची क्षमताच २५० न्यूटन मीटर आहे. इंजिनाला अधिक जमत असूनही गिअरबॉक्ससाठी कंपनीने हात आखडता घेतला. रीमॅप करताना आपण नेमका हाच निर्णय उलटवत असतो, एवढे भान ठेवून पुढचे वाचावे.

आता मुद्द्याचे. क्लच किती टॉर्क धरू शकतो हे चार गोष्टींवर ठरते: घर्षणाच्या पृष्ठभागांची संख्या, त्यांची सरासरी त्रिज्या, लायनिंग (प्लेटांवरचा घर्षणाचा थर) आणि तेल यांच्यामधले घर्षण, आणि प्लेटा आवळणारा दाब. पहिल्या दोन गोष्टी लोखंडात ठरून गेलेल्या असतात. घर्षण झीज आणि तेलावर अवलंबून असते. दाब मात्र क्षणोक्षणी बदलतो, कारण गिअरबॉक्सचा संगणक, म्हणजे टीसीयू, सदैव पूर्ण दाब देत नाही; इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीयू, जो टॉर्क कळवतो त्याला पुरेल एवढा दाब आणि वर थोडी राखीव, असा त्याचा हिशेब असतो. त्यामुळे गिअर मऊ पडतात, पंपावर विनाकारण भार येत नाही आणि इंधनही वाचते.

अडचण इथे सुरू होते. टीसीयूला स्वतःची टॉर्कमर्यादा असते. ईसीयूने त्याहून मोठा आकडा कळवला, की टीसीयू इंजिनाला टॉर्क कमी करायला सांगतो आणि चालकाला गाडी मध्येच दबल्यासारखी वाटते. याचा योग्य उपाय म्हणजे टीसीयूचेही ट्यूनिंग करून मर्यादा आणि दाब दोन्ही वाढवणे. सोपा आणि चुकीचा उपाय म्हणजे ईसीयूच्या टॉर्कच्या हिशेबातच फेरफार करून कळवला जाणारा आकडा कमी ठेवणे. मग टीसीयू तक्रार करत नाही, गाडी जोरात पळते, ग्राहक खूश होतो. पण ४३० न्यूटन मीटर येत असताना क्लचवर दाब ३५० च्या हिशेबाने पडतो. स्लिप दिसू लागल्यावर टीसीयू काही प्रमाणात दाब वाढवून सावरून घेतो, म्हणूनच असा दोष पहिल्या दिवशी दिसत नाही. लायनिंग थोडे झिजले, तेल जुने झाले, की तो उघडा पडतो.

आपल्या गाडीत हेच घडले आहे असे मी म्हणत नाही. हे तपासता येते, आणि गिअरबॉक्सचा एकही बोल्ट न सोडता तपासता येते.

त्याआधी जे स्लिप नाही ते बाजूला काढू. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत एवढा टॉर्क आला, की दुसऱ्या आणि कधी तिसऱ्या गिअरमध्येही टायरच घसरतात आणि काटा तसाच वर पळतो. ‘डी’मध्ये पूर्ण ॲक्सिलरेटर दाबल्यावर गिअरबॉक्स एक-दोन गिअर खाली उतरतो, तेही पुष्कळांना स्लिप वाटते, म्हणून चाचणी मॅन्युअल मोडमध्ये आणि पेडलच्या शेवटच्या किकडाउनच्या खटक्याच्या अलीकडेच थांबून करावी. टर्बोच्या पाइपातून हवा गळत असेल तर गाडी ओढत नाही, पण तेव्हा काटाही वर पळत नाही, हा फरक ध्यानात ठेवावा.

मोजमापासाठी व्हीसीडीएस (फोक्सवॅगन गटाच्या गाड्यांचे निदान सॉफ्टवेअर) किंवा त्या तोडीचे, गिअरबॉक्सच्या संगणकातली जिवंत रीडिंग नोंदवणारे साधन हवे. नुसते दोष वाचणारा स्वस्त स्कॅनर इथे कामाचा नाही, कारण क्षणभराची स्लिप दोष म्हणून नोंदली जाईलच असे नाही. नोंदवायचे आकडे असे: क्लचच्या प्रवेशाचा वेग, जो जी१८२ सेन्सर देतो आणि जो इंजिनाच्या आरपीएमइतकाच असतो, गिअरबॉक्सच्या दोन इनपुट शाफ्टचे वेग, जे जी५०१ आणि जी५०२ देतात, दोन्ही क्लचचा मागितलेला दाब आणि प्रत्यक्ष दाब, ज्यासाठी जी१९३ आणि जी१९४ आहेत, ईसीयूने कळवलेला टॉर्क, गिअरबॉक्समधल्या तेलाचे आणि क्लचमधून बाहेर पडणाऱ्या तेलाचे तापमान. सगळे एकदम लावले तर नोंदीचा वेग मंदावतो आणि नेमका क्षण निसटतो. म्हणून एका फेरीत वेग आणि दाब, दुसऱ्या फेरीत टॉर्क आणि तापमान, असे विभागून घ्यावे.

हे काम शक्यतो डायनोवर, म्हणजे गाडी जागेवरच रोलरवर चालवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर करावे. चौथ्या गिअरमध्ये पूर्ण ॲक्सिलरेटरवर काही सेकंदांत गाडी द्रुतगती मार्गाच्या वेगमर्यादेच्या पार जाते, आणि लॅपटॉपकडे बघत घाटात असली चाचणी करणे जिवावर बेतू शकते. डायनोवर आणखी एक फायदा असा, की टायर रोलरवर घसरला तर तेही वेगळे दिसते. पेट्रोल नेहमी वापरता तेच, म्हणजे ज्यावर ट्यून बसवले आहे तेच असावे. १०० ऑक्टेनसाठी केलेल्या मॅपवर साधे पेट्रोल टाकून चाचणी घेतली, तर ईसीयू इग्निशन मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा पाडतो, टॉर्क कमी होतो आणि स्लिप नाहीशी झाल्याचा भास होतो.

नोंद हाती आली, की चौथ्या गिअरमध्ये जी१८२ आणि जी५०२ यांच्या आकड्यांतला फरक पाहावा, कारण चौथा गिअर दुसऱ्या शाफ्टवर आहे. दहा-वीस आरपीएमचा फरक हा दोष नाही. हा गिअरबॉक्स क्लचचे नियंत्रण राखण्यासाठी किंचित स्लिप मुद्दाम ठेवतो. पण इंजिन ३,९०० वर आणि शाफ्ट ३,५०० वर असा फरक पडला आणि दोन-तीन सेकंद टिकला, तर ती खरी स्लिप आहे. त्या वेळी हे दोन्ही आकडे सारखेच चढत असतील आणि फक्त चाकांचा वेग विसंगत असेल, तर क्लच निर्दोष आहे आणि आपण टायरचा विचार करायला हवा.

खरी स्लिप दिसली, तर त्याच क्षणाच्या दाबाच्या दोन रेघा निदान ठरवतात. मागितलेला दाबच कमी असेल आणि प्रत्यक्ष दाब त्याला तंतोतंत जुळत असेल, तर मेकॅट्रॉनिक सांगितलेले काम करत आहे. त्याला सांगितलेच कमी जात आहे. हा सॉफ्टवेअरचा प्रश्न आहे. मागितलेला दाब भरपूर असेल आणि प्रत्यक्ष दाब खाली राहत असेल किंवा वरखाली थरथरत असेल, तर झडप, पंप, तेलाची पातळी किंवा आतली गळती यांपैकी काही आहे. आणि दाब भरपूर मागितला गेला, तेवढा मिळाला, तरीही क्लच घसरला, तर दोष घर्षणाचा आहे: लायनिंग जळले आहे, तेल चुकीचे आहे, किंवा टॉर्क त्या क्लचच्या कुवतीबाहेर गेला आहे. इथे एक अपवाद लक्षात ठेवावा. दाबाचे सेन्सर मेकॅट्रॉनिकमध्ये बसलेले आहेत, क्लचच्या पिस्टनपाशी नाहीत, म्हणून पुढच्या सीलिंग रिंगमधली लहान गळती कधी कधी या आकड्यांत दिसत नाही.

ईसीयू टॉर्क खरा कळवतो का, हे पडताळण्यासाठी हवेच्या प्रवाहाचा आकडा घ्यावा. पेट्रोल इंजिनात ग्रॅम प्रति सेकंदातल्या प्रवाहाला ०.८ ने भागले, की अंदाजे अश्वशक्ती मिळते. ४,००० आरपीएमला ४३० न्यूटन मीटर म्हणजे साधारण २४० अश्वशक्ती, म्हणजे प्रवाह १९० ते १९५ ग्रॅम. ३५० न्यूटन मीटरसाठी तो १५५ ते १६० ग्रॅमच्या आसपास असायला हवा. प्रवाह १९० दाखवत असताना टीसीयूला ३४०-३५० चा टॉर्क कळवला जात असेल, तर ट्यून करणाऱ्याला ही नोंद दाखवून थेट विचारावे, की टॉर्कचा हिशेब बदलला आहे का. हा अंदाजी ठोकताळा आहे, पण एवढी मोठी तफावत त्यात लपत नाही. प्रामाणिक ट्यूनर उत्तर देतो आणि फाइल दुरुस्तही करतो.

स्लिप कधी होते, यावरूनही पुष्कळ कळते. टॉर्क शिखरावर असतो त्या पट्ट्यात स्लिप सुरू होऊन वरच्या आरपीएमला आपोआप मिटत असेल, तर क्लचची धरण्याची ताकद टॉर्कपुढे कमी पडते आहे, कारण वरच्या आरपीएमला शक्ती वाढली तरी टॉर्क उतरलेला असतो आणि क्लचला फक्त टॉर्क कळतो. पूर्ण ॲक्सिलरेटरच्या पहिल्या दोन ओढींत ठीक आणि गिअरबॉक्स तापल्यावर स्लिप, असे असेल तर तेल आणि आतली गळती यांकडे संशय वळतो. गिअर पडल्याच्या क्षणीच घसरून लगेच पकडत असेल, तर बहुधा क्लच भरण्याचे अडॅप्टेशन, म्हणजे क्लचमध्ये तेल भरण्याचा टीसीयूने शिकलेला हिशेब, बिघडलेले असते. हलक्या पेडलवरही घसरत असेल, तर लायनिंग संपल्यातच जमा आहे आणि गाडी चालवूच नये. आपल्या वर्णनावरून पहिला प्रकार दिसतो, आणि तो त्यातल्या त्यात बरा आहे.

चौथ्याबरोबर सहावाही घसरतो आणि तिसरा-पाचवा घसरत नाही, असे दिसले तर दोष के२ पुरता मर्यादित आहे. चारही गिअर घसरत असतील तर एकच क्लच जळाला असण्याची शक्यता मागे पडते आणि तेल, मुख्य दाब किंवा कळवलेला टॉर्क यांपैकी सामायिक कारण शोधावे लागते. पुणे-मुंबईच्या रहदारीत सतत सरपटत चालणाऱ्या गाडीत के१ आधी झिजलेला असणे अपेक्षित आहे, कारण सुरुवात आणि रिव्हर्स दोन्ही त्याच्याच माथी आहेत. लाँच कंट्रोलचा, म्हणजे उभ्या गाडीवरून पूर्ण जोराने सुटण्याचा, मारही तोच सोसतो. आपल्या गाडीत फक्त के२ घसरत असेल, तर रहदारीच्या झिजेने त्याचा उलगडा होत नाही.

तेलाविषयी मी आग्रहाने सांगेन, कारण सर्वांत स्वस्त तपासणी तीच आहे आणि तीच सर्वांत जास्त चुकीची केली जाते. डीक्यू२५० चे तेल आणि फिल्टर दर ६०,००० किलोमीटरला बदलायचे असतात. एवढ्या टॉर्कच्या गाडीत मी ३०,००० ते ४०,००० ला बदलतो. गिअरबॉक्समध्ये सुमारे ७ लिटर तेल असते, पण सर्व्हिसमध्ये त्यातले ५ लिटरच्या आसपास निघते. पातळी डिपस्टिकने नव्हे, तळाच्या प्लगमधल्या उभ्या नळीतून ओसंडणाऱ्या तेलाने ठरते, आणि ती इंजिन चालू ठेवून, तेल ३५ ते ४५ अंशांच्या दरम्यान असतानाच पाहायची असते. तेल जास्त गरम असेल तर ते फुगून जास्त ओसंडते आणि प्लग लावल्यावर पातळी कमी राहते. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेच्या दुपारी उभ्या गाडीचे तेलसुद्धा सहज या मर्यादेत येत नाही, म्हणून उन्हाळ्यात हे काम सकाळी पहिल्या गाडीचे म्हणूनच करावे. तेल या गिअरबॉक्सच्या मानकाचेच असावे. साधे एटीएफ (इतर ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल) घर्षण बदलून टाकते आणि चांगला क्लचही थरथरू किंवा घसरू लागतो.

काढलेल्या तेलाचा काळपटपणा एकटा काही सिद्ध करत नाही. वास घ्यावा, जळकट, घशाला झोंबणारा असेल तर लायनिंग तापले आहे. त्याहून चांगला पुरावा म्हणजे जुना फिल्टर कापून त्याचा कागद पसरून पाहणे. काळे, मऊ कण लायनिंगचे असतात. चमकणारे धातूचे कण प्लेटा, बेअरिंग किंवा गिअरकडे बोट दाखवतात, आणि मग विषय क्लचपुरता राहत नाही.

यानंतर सर्वांत निर्णायक चाचणी: गाडी तात्पुरती कंपनीच्या मूळ मॅपवर आणून तीच नोंद पुन्हा घ्यावी. डाउनपाइपमुळे कॅटलिस्टबाबतचा (एक्झॉस्टचा धूर शुद्ध करणाऱ्या भागाबाबतचा) इशारा पेटू शकतो; चाचणीपुरता तो चालेल. ३५० न्यूटन मीटरवर क्लच अजिबात घसरत नसेल, तर यंत्रभाग अजून शाबूत आहेत आणि पैसा सॉफ्टवेअरवर खर्च करावा: ईसीयूकडून टॉर्क खरा कळवला जाईल आणि टीसीयूची मर्यादा व दाब त्याला साजेसे वाढवले जातील, असे दोन्ही एकत्र. मूळ मॅपवरही घसरत असेल, तर टीसीयू ट्यून करून दाब वाढवणे म्हणजे जळालेल्या लायनिंगवर काही आठवडे विकत घेणे आहे; तेव्हा क्लच पॅकच बदलावा. आणि ४३० च्या वरचा टॉर्क कायम ठेवायचा असेल, तर मूळ पॅकऐवजी अधिक प्लेटांचा, वरच्या क्षमतेचा पॅक घालावा. दाब कितीही वाढवता येत नाही. या गिअरबॉक्सच्या पंपाचा मुख्य दाब कमाल २० बारच्या आसपास आहे आणि सील, रिंग, झडपा यांनाही तो सोसावा लागतो.

क्लच पॅकसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. त्याच वेळी ड्युअल मास फ्लायव्हीलची (इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधल्या, धक्के पचवणाऱ्या दोन भागांच्या चाकाची) ढिलाई मोजून घ्यावी, कारण त्याच मजुरीत ते काम होते. पॅक बसवताना अक्षीय ढिलाई डायल गेजने मोजून त्यानुसार योग्य जाडीची सर्क्लिप (पॅक जागी धरणारी कडी) निवडायची असते. पॅकेटमधली हाती आली ती क्लिप लावणाऱ्याकडे हे काम देऊ नये. काम झाल्यावर स्कॅनरने बेसिक सेटिंग (टीसीयूला नव्या क्लचची मापे शिकवणे) करून अडॅप्टेशनसाठी गाडी शांतपणे चालवावी. हे टाळले तर नवा क्लचही धक्के देतो, आणि दोष विनाकारण मेकॅट्रॉनिकवर ढकलला जातो. मेकॅट्रॉनिक बदलण्याचा सल्ला मी तेव्हाच मानेन, जेव्हा तेल आणि पातळी बरोबर असूनही मागितलेला आणि प्रत्यक्ष दाब नोंदीत स्पष्ट वेगळे दिसतील.

तोवर गाडी वापरायची असेल, तर वरच्या गिअरमध्ये पूर्ण ॲक्सिलरेटर देऊ नये आणि ‘एकदा पुन्हा बघू’ म्हणून स्लिप मुद्दाम घडवू नये. ४३० न्यूटन मीटर टॉर्कवर ४०० आरपीएमची स्लिप म्हणजे क्लचमध्ये १८ किलोवॉट उष्णता. घरातले २ किलोवॉटचे नऊ गीझर एकदम चालू करून त्यांची सगळी उष्णता त्या लहानशा प्लेटांच्या गठ्ठ्यात सोडल्यासारखे आहे. तेलाचे तापमान १४० अंशांच्या आसपास गेले, की गिअरबॉक्स आधी इंजिनाचा टॉर्क कमी करवतो आणि नंतर क्लच सोडून देतो, पण लायनिंगचा पृष्ठभाग त्याच्या कितीतरी आधी जळून काचेसारखा गुळगुळीत झालेला असू शकतो. तसे झाले तर सॉफ्टवेअरवर भागणारे काम क्लच पॅकवर जाते.

त्यामुळे क्रम असा ठेवावा: या आठवड्यात तेलाची पातळी आणि फिल्टर, मग डायनोवर चौथ्या गिअरची आणि तिसऱ्या गिअरची, वर सांगितलेल्या दोन फेऱ्यांपुरती, प्रत्येकी एकेकच नोंद, मग मूळ मॅपवर त्याच दोन नोंदी. या चार नोंदी, हवेच्या प्रवाहाच्या आकड्यांसह, हाती घेऊनच ट्यूनर आणि गॅरेज या दोघांशी बोलावे. आणि त्या न पाहताच जो गिअरबॉक्स उतरवायला तयार होईल, त्याच्याकडे गाडी सोडू नये.